अल्फा, थीटा आणि तपकीर गल्ली

मेंदूतली वीज मोजायची असेल तर आधी घरातली बंद करावी लागते. ही माहिती मला भाच्याने दिली, आणि देताना त्याचा हात मेन स्विचवर होता.

भाचा मूळचा कराडचा. शिकायला पुण्यात, म्हणजे अर्थातच मामाकडे. इलेक्ट्रॉनिक्सचं शेवटचं वर्ष. या वर्षाला प्रोजेक्ट नावाचा एक संस्कार असतो आणि त्यात पुष्कळ मुलं पाण्याची टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र बनवतात. दर वर्षीची बॅच हे यंत्र नव्याने शोधते आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून दर वर्षी पाणी वाहतच असतं. भाच्याला काहीतरी वेगळं करायचं होतं. डोक्याला बांधायचा पट्टा, खिशात मावणारा, मेंदूच्या लहरी टिपून ध्यान लागलं की नाही ते मोबाइलवर दाखवणारा. असे पट्टे बाजारात आहेत. टोरांटोच्या एका कंपनीचा ‘म्यूझ’ नावाचा पट्टा दहा वर्षांहून जास्त काळ विकला जातोय, पण त्याला वीस हजारांच्या वर मोजावे लागतात. भाच्याचा संकल्प तीन हजारांचा होता.

“मामा, ध्यान आपलं आणि मशीन त्यांचं, हे बरोबर आहे का?”

“पण ध्यान लागलं की नाही हे ज्याचं त्याला कळत नाही का रे?”

“कळतं. पण ग्राफ येत नाही.”

यावर मी गप्प बसलो. आमच्या पिढीने पुष्कळ गोष्टी ग्राफशिवाय केल्या हे खरं. पण सकाळी फिरून आल्यावर मनगटावर पावलांचा आकडा बघितल्याशिवाय मला दम लागत नाही, हेही खरं.

कवटीच्या बाहेर, त्वचेवर हाती लागणारी मेंदूची लहर साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टची असते. ५० धरली, तर भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या दीड व्होल्टच्या सेलचा ३०,०००वा भाग. माझ्या डोक्यातला सगळा कारभार सेलच्या तीस हजाराव्या भागात दिसतो हे ऐकून मला वाईट वाटलं. बायको म्हणाली, “अंदाज होताच.” आता या एवढ्याशा लहरीच्या भोवती आपलं घर असतं. भिंतींतल्या वायरी, ट्यूब, पंखा, फ्रिज, शेजारणीचा मिक्सर. सगळे सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी वीज अंगावर सोडत असतात, आणि माणूस हा मिठाच्या पाण्याने भरलेला उत्तम अँटेना असल्यामुळे ती सगळी झेलत असतो. ती लहरीपेक्षा हजारो पटींनी मोठी. म्हणजे विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर ढोल-ताशांच्या मधोमध उभं राहून पलीकडच्या माणसाच्या मनगटातल्या घड्याळाची टिकटिक ऐकायची, असं ते काम.

त्यावर इंजिनीअर लोकांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. दोन जागी टोकं लावायची आणि फक्त त्यांच्यातला फरक वाढवायचा. दोन्हींकडे सारखीच आलेली बोंब वजाबाकीत उडून जाते. शिवाय उरलेली बोंब पकडायची, उलटी करायची आणि तिसऱ्या वायरीने त्याच माणसाच्या अंगात परत सोडायची. या वायरीला ‘ड्रिव्हन राइट लेग’ म्हणतात, कारण हृदयाचा आलेख काढताना ती उजव्या पायाला लावत. मेंदूसाठी ती कानामागे किंवा कपाळावर लावली तरी नाव उजव्या पायाचंच राहिलं आहे. भाच्याने कानामागे टोक चिकटवून “मामी, हा तुझा उजवा पाय” असं सांगितल्यावर मामीने मला बाजूला घेऊन, मुलाचा अभ्यास फार होतोय का, असं विचारलं.

सुटे भाग आणायला मी त्याच्याबरोबर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड, तशी आम्हाला ही गल्ली. भाच्याला आयएनए १२८ नावाची चिप हवी होती. मेंदूच्या, हृदयाच्या असल्या बारीक लहरी वाढवायला ती वापरतात. दुकानदाराने वर न बघता विचारलं, “ओरिजिनल की चालणारी?” हा प्रश्न पुण्यातच विचारला जाऊ शकतो. ओरिजिनल कितीला आणि चालणारी कितीला, हे ऐकल्यावर भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “ओरिजिनल चालत नाही का?” दुकानदार म्हणाला, “चालते ना. पण परत घेणार नाही.” तीन हजारांतले पहिले सातशे तिथे गेले. वीजपुरवठ्यासाठी लिथियमचा छोटा सेल घेतला. डोक्याला वायरी लावलेला माणूस भिंतीतल्या विजेला कुठूनही जोडलेला नसावा, हा या धंद्यातला पहिला नियम. म्हणून पट्टा मोबाइलशी ब्लूटूथने बोलणार आणि चार्जिंगला असताना तो डोक्याला लावायचाच नाही. घरी आल्याआल्या हा नियम भाच्याने मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावला. आमच्याकडे चार्जिंगला लावलेल्या मोबाइलवर बोलायची पद्धत असल्यामुळे ते बरंच झालं.

मग चांदी. साधं पितळी किंवा स्टीलचं टोक घामात भिजलं की थोडंथोडं स्वतःच बॅटरीचं काम करू लागतं आणि आलेखाची रेघ भरकटत जाते. म्हणून चांदी घ्यायची आणि तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा थर चढवायचा. तो घरी चढवता येतो: चांदीचा तुकडा कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवायचा. हे कळल्याच्या संध्याकाळी देवघरातलं निरांजन दिसेना. सापडलं तेव्हा ते बाथरूममध्ये होतं. आईने त्या दिवशी भाच्याला जे सुनावलं त्याचा आलेख कुठल्याही यंत्राने नीट आला असता. मग त्याने मामीच्या जुन्या जोडव्यांची मागणी केली. “माझ्या पायातलं डोक्याला लावणार?” मामी म्हणाली. एक तर उजव्या पायाची वायर कानामागे, त्यात पायातली जोडवी कपाळावर. माणसाची एवढी उलथापालथ करून मग त्याने शांत बसायचं, ही अपेक्षाच मला जास्त वाटत होती. शिवाय जोडव्यांच्या चांदीत तांबं असतं आणि ते चालत नाही. शेवटी सराफाकडे जाऊन शुद्ध चांदीचा पत्रा मागितला. कशाला हवा म्हणून त्याने विचारलं. भाचा म्हणाला, “कपाळाला लावायला. मन शांत होतंय का बघायचंय.” सराफाला यात काहीही नवल वाटलं नाही. “चंद्र बिघडलाय ना? सोमवारी घ्या,” तो म्हणाला. मन चंद्राचं, चांदीही चंद्राची, हे ज्योतिषाने कधीच सांगून ठेवलंय. तीन हजारांतले आणखी बरेच तिथे गेले.

या सगळ्यात प्रोजेक्टच्या रिपोर्टचं पहिलं प्रकरण, ज्याला ही मुलं ‘लिटरेचर सर्व्हे’ म्हणतात, ते व्याकरण तपासायला माझ्याकडे आलं. मी बँकेतून निवृत्त झालो असल्याने मला दुसऱ्याच्या कागदावर पेन्सिलने खुणा करायला आवडतं. पण या प्रकरणात मी खुणा करायच्या विसरलो.

मेंदूच्या लहरी शोधल्या त्या येना गावच्या हान्स बर्गर नावाच्या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने. तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याच्या चाकाखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी वडिलांची तार आली: तू बरा आहेस ना? दूर घरी बसलेल्या बहिणीला उगाचच धास्ती वाटली होती. एका मनातून दुसऱ्या मनात काहीतरी गेलं असणार, असं त्याने घेतलं आणि ते काहीतरी शोधण्यात पुढचं आयुष्य घातलं. १९२४ मध्ये त्याला माणसाच्या डोक्यातून हलणारी रेघ मिळाली. पण छापायला त्याने १९२९ उजाडू दिलं. मधल्या काळात ही रेघ मेंदूचीच की आपल्या यंत्राची, या शंकेने त्याने स्वतःच्या मुलाच्या डोक्यालाही टोकं लावून बघितली. आमच्या भाच्याने निदान मामाचं डोकं घेतलं. आणि त्याच १९२४ साली इकडे लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद कैवल्यधाम स्थापन करत होते. योगाच्या क्रियांच्या वेळी शरीरात काय होतं ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासून ‘योगमीमांसा’ त्रैमासिकात छापत होते. त्या दोघांची गाठ पडली असती तर भाच्याचं काम शंभर वर्षं आधीच उरकलं असतं, असं मला वाटून गेलं.

बर्गरला सापडलं ते मनातून मनात जाणारं काही नव्हतं. सेकंदाला दहाच्या आसपास हेलकावे घेणारी एक लहर होती आणि ती माणूस डोळे मिटून निवांत बसला की यायची. डोळे उघडले, गणित घातलं, की गेली. तिला त्याने अल्फा म्हटलं. केंब्रिजचे एड्रियन आणि मॅथ्यूज यांचा आधी विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये त्यांनी करून बघितलं, तर एड्रियनच्या डोक्यात अल्फा सुरेख आली. मग त्यांनी एका पाणकिड्याचीही रेघ काढली आणि ती बरीचशी तशीच निघाली. एड्रियनला दोनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेलं होतं. पाणकिड्याला काही मिळालं नाही.

मला सगळ्यात भावल्या त्या मांजरी. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये बॅरी स्टर्मन नावाच्या संशोधकाने मांजरींना शिकवलं की मेंदूत १२ ते १५ हेलकाव्यांची एक ठरावीक लहर आली की दूध मिळेल. मांजरी ती लहर आणायला शिकल्या. दिसायला त्या फक्त स्तब्ध बसलेल्या असत. पुढे रॉकेटच्या इंधनातलं एक विषारी रसायन किती घातक आहे हे तपासण्यासाठी याच मांजरी वापरल्या गेल्या, तेव्हा शिकलेल्या मांजरींना फिट्स यायला जास्त वेळ लागला. आज जगभर चालणाऱ्या न्यूरोफीडबॅक नावाच्या धंद्याच्या मुळाशी हे दूध आहे. माणसांकडून हेच शिकागोत ज्यो कामिया यांनी करून घेतलं होतं: घंटी वाजली की आत्ता अल्फा आहे की नाही ते सांगायचं, बरोबर की चूक ते लगेच कळायचं, आणि लोक बरोबर सांगू लागले. त्यांना दूध दिल्याची नोंद नाही.

आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छिना आणि बलदेव सिंह यांनी योग्यांचे आलेख काढून १९६१ मध्ये छापले. समाधीत बसलेल्या योग्यांवर लखलखता प्रकाश पाडला, मोठे आवाज केले, गरम काचेची नळी टेकवली. अल्फा हलली नाही. दोघांनी तर हात ४ अंशांच्या गार पाण्यात पाऊण तास आणि त्याहून जास्त ठेवला. हे वाचून मी भाच्याला म्हटलं, तुझ्या चाचणीत बर्फ नको. आपल्याकडे दारावरची बेल आहे, कुरिअरवाला आहे, वरच्या मजल्यावर भरतनाट्यम आहे.

याच प्रकरणात एका कोपऱ्यात कॅनडातले डॉक्टर एड्रियन अप्टन यांची हकिकत होती. त्यांनी १९७० च्या दशकात हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात लिंबाच्या स्वादाच्या जेलीला टोकं लावली आणि कागदावर लहरी उमटल्या. आजूबाजूच्या यंत्रांची आणि हालचालींची गडबड जेलीने टिपली होती. मेंदू बंद पडला हे नुसत्या आलेखावरून ठरवू नका, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मी मात्र भाच्याला विचारलं, तुझ्या पट्ट्यात जेलीला किती मार्क पडतील? तो म्हणाला, “मामा, तू एक्स्टर्नल परीक्षकाला हे सांगू नकोस.”

पट्टा तयार झाला. शिंप्याकडून इलॅस्टिक आणलं होतं. सैल राहिलं तर रेघ येत नव्हती आणि घट्ट केलं तर डोकं दुखत होतं, त्यामुळे ध्यानाआधी क्रोसिन घ्यावी की नंतर, एवढाच प्रश्न उरला. अल्फा सगळ्यात छान मिळते ती डोक्याच्या मागच्या बाजूला. तिथे केस असतात, आणि आमच्या घरात केसांना खोबरेल तेल असतं. तेलातून वीज जात नाही. आईचं डोकं या दृष्टीने पूर्ण सुरक्षित निघालं. कपाळावर टोकं लावणं सोपं, पण तिथे वेगळाच घोटाळा. डोळ्याचं बुबुळ पुढून धन आणि पडदा मागून ऋण, म्हणजे डोळा हाही एक सेलच. पापणी लवली की कपाळावर जी लाट येते तिच्यापुढे मेंदूची लहर दिसतसुद्धा नाही. त्याशिवाय जबड्याचे स्नायू. आई जपाला बसली तेव्हा तिचे ओठ हलत होते, आणि मोबाइलवर सतत ‘मन अस्वस्थ’ येत होतं. ऐंशी वर्षांच्या बाईला, जिचा जप माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. तिने चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाली, “त्याचं नवीन आहे. बसेल हळूहळू.”

मामीच्या डोक्यात अल्फा आलीच नाही. डोळे मिट, उघड, पुन्हा मिट, रेघ ढिम्म. काही निरोगी माणसांत ही लहर जवळजवळ दिसतच नाही, हे भाच्याने पुस्तक उघडून दाखवलं. तिने ते शांतपणे ऐकलं आणि तेव्हापासून घरातलं कुठलंही काम माझ्याकडे ढकलताना “मला अल्फा नाही” हे कारण ती देते.

ध्यान लागतंय की नाही ते कानांना कळावं म्हणून त्याने परदेशी पट्ट्यांची पद्धत उचलली होती: मन भरकटलं की वादळ-पाऊस, शांत झालं की पाखरांची किलबिल. ती कल्पना त्या लोकांच्या घरात ठीक असेल. आमच्याकडे मोबाइलमधून पाऊस सुरू झाला की मामी ताडकन उठून गच्चीवरचे कपडे काढायला जायची. एप्रिलमध्ये तर वाळवणं होती. पट्टा डोक्याला, टोकं लोंबतायत, हातात पापडांचा कपडा, अशी ती जिन्यात शेजाऱ्यांना दिसली आणि त्याचं स्पष्टीकरण मला द्यावं लागलं. किलबिलीचंही तेच. खिडकीवर कबुतरांचा उच्छाद असल्यामुळे पाखरांचा आवाज आला की आई ‘हुश्श’ करते, आणि ‘हुश्श’ केल्यावर पुन्हा वादळ. शेवटी तानपुरा ठेवला. मन जितकं शांत तितका तानपुरा जास्त सुरात. तानपुरा बेसूर झाला की मी जबडा आवळतोय, हे मात्र पट्टा अचूक सांगतो. या किमतीत मेंदूबद्दल मिळतं त्यापेक्षा जबड्याबद्दल जास्त कळतं, असं माझं मत झालं आहे. आणि माझ्या वयाला ते पुष्कळ आहे.

खरा घात केला तो आकड्याने. शंभरपैकी किती, असा एक आकडा मोबाइलवर यायचा. आकडा आला की आम्ही मराठी मध्यमवर्गीय माणसं आपोआप दहावीत जातो. मी डोळे मिटून ‘आता शांत, आता शांत’ असं स्वतःला बजावत बसायचो आणि पन्नासच्या वर जात नव्हतो. भाच्याने मला अमेरिकन संगीतकार ॲल्विन लुसियरची गोष्ट सांगितली. १९६५ मध्ये तो रंगमंचावर डोक्याला टोकं लावून नुसता बसला आणि त्याच्या अल्फा लहरींनी ढोल, झांजा वाजवल्या. वाजवायचा प्रयत्न केला की वाजायचं नाही. म्हणजे मैफल चांगली व्हायची तर कलाकाराला ती होण्याची फिकीर असता कामा नये. मी म्हटलं, लुसियरला त्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी आकडा विचारत नसेल.

कारण आमच्या ग्रुपवर आकडे फिरू लागले होते. तळमजल्यावरचे काका इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर करून आलेले. तिथे मोबाइल जमा करून घेतात आणि बोलायचंही नाही. काकांनी ते नंतर भरून काढलं. त्यांना पूर्ण टक्कल. भाच्याने त्यांच्या डोक्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी जमिनीच्या एजंटांच्या डोळ्यांत बघितली आहे. मागच्या बाजूला टोकं बसली, रेघ स्वच्छ आली आणि काकांना एक्क्याण्णव पडले. इमारतीतला उच्चांक. फक्त ऐंशीच्या पुढे गेल्यावर ते घोरत होते. झोप लागताना अल्फा ओसरते आणि तिच्यापेक्षा संथ अशी थीटा लहर वाढते. भाच्याच्या सूत्रात दोघींची बेरीज होती. काकांना हे सांगायचं कुणी? त्यांनी तो आकडा ग्रुपवर टाकला आणि खाली ‘साधना’ असं लिहिलं. भाच्याने त्या रात्री जागून सूत्र बदललं. थीटा वाढली की मार्क तिथेच थांबतील आणि पडद्यावर ‘झोप लागली आहे’ असं येईल, अशी सोय केली. खर्चाचा हिशेब तोवर साडेचार हजारांवर गेला होता. रिपोर्टमध्ये त्याने चांदी ‘घरगुती साहित्य’ या सदरात घालून तीन हजारांत बसवली. माझ्या पेन्सिलीने तिथे खूण केली नाही.

व्हायवाला बाहेरगावाहून एक्स्टर्नल आले. दुपारचे दोन, मे महिना, जेवण झालेलं. सकाळपासून त्यांनी टाकीच्या मोटरी बघितल्या होत्या. भाचा सांगतो की सर आत आले तेव्हा त्याला फक्त त्यांचं टक्कल दिसलं. “सर, तुमच्यावरच डेमो दाखवू का?” खुर्ची, पट्टा, डोळे मिटा सर. प्रोजेक्टरच्या पडद्यावर सेकंदाला दहाच्या लयीत अशी देखणी अल्फा उमटली की त्याच्या गाइड मॅडमनी मोबाइलवर फोटो काढला. भाच्याने प्रस्तावना सुरू केली. बर्गर झाला, मांजरी झाल्या. उजव्या पायाच्या वायरीपाशी आला तेव्हा वर्गातली मुलं हसू दाबतायत असं त्याला दिसलं. मागे वळून बघतो तर पडद्यावर चार फुटी अक्षरांत ‘झोप लागली आहे’.

तो पडद्यासमोर हात पसरून उभा राहिला. अक्षरं त्याच्या शर्टावर उमटली. मॅडमनी ‘चालू ठेव’ अशी खूण केली. मग त्याने उरलेलं सगळं, निष्कर्षांसकट, हळू आवाजात सांगितलं. एक प्रश्न नाही, एक शंका नाही. शेवटी शिपाई चहा घेऊन आला, कपबश्यांचा आवाज झाला, पडद्यावरची अक्षरं गेली आणि सरांनी डोळे उघडले. इकडे तिकडे बघितलं, पट्टा चाचपला आणि पहिला प्रश्न विचारला:

“किती आले?”

“ब्याण्णव, सर.”

सरांनी मान डोलावली, चहाचा घोट घेतला आणि प्रोजेक्टच्या मार्कांच्या रकान्यात तेवढेच लिहिले.